समजतं लगेच, वाचायला वेळ लागतो

(साक्षरता वर्ग घेणाऱ्या स्वयंसेवकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार. समोर निम्मे कॉलेजातले आणि निम्मे निवृत्त शिक्षक दिसताहेत. शिक्षकांना आधीच सांगून ठेवतो, पहिलीचा वर्ग घेतल्याचा तुमचा अनुभव इथे फार कामाला येणार आहे. फक्त तुम्हाला वाटतंय त्या ठिकाणी नाही.

मोठी माणसं आणि मुलं यांच्या शिकण्यात फरक काय, असं विचारलं की ठरलेली उत्तरं येतात. मोठ्यांच्या गाठीला अनुभव असतो, हे कशासाठी शिकायचं ते त्यांना आधी पटावं लागतं, हुकूम सोडलेला त्यांना चालत नाही. अमेरिकेत माल्कम नोल्स यांनी १९७०च्या दशकात हा विचार लोकप्रिय केला. त्याआधी, १९६३ साली, ब्राझीलमधल्या अँजिकोस गावी पावलो फ्रेरी यांनी तीनशेच्या आसपास कष्टकऱ्यांना त्यांच्याच कामाधंद्यातले शब्द घेऊन चाळीस तासांत लिहायला-वाचायला शिकवायचा प्रयोग केला. आपल्या साक्षरता पुस्तिकांमध्ये पाणी, शेती, रेशन, बँक हे विषय येतात, त्यामागे हाच विचार आहे. तो बरोबरच आहे. माझी तक्रार एवढीच, की आपण तिथेच थांबतो.

गणितापासून बघू. भाजी विकणाऱ्या मावशींना विचारा, पंधराची एक जुडी, सात जुड्या द्या, किती झाले? त्या आकाशाकडेही बघत नाहीत. चार जुड्यांचे साठ, तिनाचे पंचेचाळीस, एकशे पाच. आता त्यांनाच पाटीवर पंधरा गुणिले सात मांडायला सांगा. पाच साते पस्तीस, पाच लिहिले, हातचे तीन… आणि इथे सगळं अडतं. हा हातचा कुठून आला, तो वर का बसला, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. तिसरीतलं पोर हातचा निमूटपणे घेतं, कारण ‘असंच असतं’ म्हटलं की त्याचं समाधान होतं. मावशींचं होत नाही, आणि होऊही नये. त्यांची तोंडी रीत आधी फळ्यावर लिहा, चार जुड्या आणि तीन जुड्या. मग हातचा दाखवा. इथे अनुभवाची शिदोरी खरोखर पुढे नेते.

वाचनात मात्र ती शिदोरी फसवते. फळ्यावर लिहा, ‘ग्रामसभेची सूचना फलकावर लावली आहे.’ मावशी बोट ठेवून वाचायला लागतात. ग… रा… नाही, ग्र… ग्रा… म… स… भे… ची. मग ‘सू’चा ऊकार पहिला की दुसरा. ‘लावली’पर्यंत येईतो ग्रामसभा डोक्यातून निघून गेलेली असते. तुम्ही विचारता, काय लिहिलंय? ‘ताई, ते नाही कळलं.’ आणि तुम्ही दहा मिनिटं ग्रामसभा म्हणजे काय हे समजावत बसता. कुणाला? तर वीस वर्षं ग्रामसभेला जाणाऱ्या बाईला!

तिला अर्थ कळत नाही असं नसतं, तिचा वेगच कमी पडतो. नुकतंच ऐकलेलं-वाचलेलं मनात काही सेकंदच टिकतं. तेवढ्यात वाक्य संपलं नाही, तर सुटी अक्षरं हातात राहतात. हेलन अबादझी यांनी २००३ साली जागतिक बँकेसाठी लिहिताना प्रौढ साक्षरतेतली हीच अडचण पुढे आणली होती. अक्षर दिसताक्षणी आपोआप ओळखू येणं ही डोळ्याची आणि मेंदूची सवय आहे, आणि ती समजावून लागत नाही.

मग मोठ्यांचा मेंदू वळतच नाही का? वळतो. स्तानिस्लास दहेन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ब्राझील आणि पोर्तुगालमधल्या माणसांच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. लहानपणी शाळेत गेलेले, मोठेपणी वाचायला शिकलेले आणि निरक्षर, असे तीन गट होते. अक्षरं ओळखण्याच्या कामी लागणारा मेंदूचा भाग मोठेपणी शिकलेल्यांमध्येही तयार झालेला दिसला. म्हणजे वय झालं म्हणून दार बंद झालेलं नाही.

तरी गाडी अडते, कारण तास कमी पडतात. शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या मुलाला वर्षाला किमान ८०० तास शिकवायचं असतं. शिवाय घरी अभ्यास, रस्त्यावरच्या पाट्या, बिस्किटाच्या पुड्यावरचं नाव. आणि मावशींना? रोज एक तास, त्यातून लग्नसराई, सुगी, पाहुणे वजा करा. मुलाच्या एका वर्षाइतके तास भरायला त्यांना चार-पाच वर्षं लागतील, आणि आपण काही महिन्यांत परीक्षा घेऊन मोकळे होतो. मुलाला तीन आणि सहा उलटे लिहायला, त्यावर खोडरबर झिजवायला दोन वर्षं मिळतात. मावशींनी तेच केलं की आपण हळूच म्हणतो, ‘या वयात जमायचं नाही.’

परक्या भाषेचंही काहीसं असंच आहे. कॅथरिन स्नो आणि मारियन हूफनागेल-हूले यांनी हॉलंडमध्ये राहायला आलेल्या इंग्रजी भाषकांचा अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. पहिल्या काही महिन्यांत डच भाषा भराभर उचलली ती मोठ्यांनी आणि बारा-पंधरा वर्षांच्या मुलांनी. तीन ते पाच वर्षांची पोरं सगळ्यांत मागे होती. पोरं पुढे जातात ती नंतर, दिवसभर त्याच भाषेत खेळून-भांडून. पुण्याहून जर्मनीला गेलेल्या घरांत हे आजही बघायला मिळतं. आईबाबा क्लास लावून व्याकरणात पुढे, आणि दोन वर्षांनी दुकानात बोलायची वेळ आली की पोरीला पुढे करतात.

आपल्याकडे १९५९ साली सातारा जिल्ह्यातून ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावंच्या गावं साक्षर करायची, मग ग्रामगौरव समारंभ. उत्साह दांडगा होता, आणि त्या माणसांबद्दल मला आदर आहे. पण मोहीम ओसरली की बरेच जण पुन्हा अंगठ्यावर येतात, हा जगभरचा अनुभव आहे. वाचन आपोआप व्हायच्या आत वर्ग सुटला, तर आलेली अक्षरंही जातात.

तेव्हा घोकंपट्टीला नावं ठेवू नका. मोठ्यांकडून तेच ते वाचून घेणं म्हणजे त्यांचा अपमान, असं पुस्तकी पंडित म्हणतात. मला उलट वाटतं. अपमान होतो तो चारचौघांत चुकण्याचा. मूल चुकलं की हसतं आणि पुढे जातं. मोठं माणूस चुकलं की दुसऱ्या दिवशी ‘कंबर धरली’ म्हणून येत नाही. म्हणून सराव दोघी-दोघींच्या जोडीने, हळू आवाजात घ्या. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ला योगेंद्र बांगर या शिक्षकांनी आजीबाईंची शाळा सुरू केली, ती शेतातली-घरातली कामं उरकल्यावर, दुपारी भरायची. सगळ्या आज्याच, म्हटल्यावर कोण कुणाला हसणार?

आणि हो, आधी डोळे तपासून घ्या. चाळिशी नसल्यामुळे अक्षर न दिसणाऱ्या बाईला आपण मंद ठरवतो, हे मी फार ठिकाणी पाहिलंय.

सरावासाठी मजकूर कुठून आणायचा? त्यांच्याच तोंडून. जात्यावरच्या ओव्या, आरती, अभंग, जे पाठ असेल ते मोठ्या अक्षरात लिहून द्या. पुढचा शब्द ठाऊक असतो, त्यामुळे डोळा पळायला लागतो. यात धोका एकच, बाई कागदाकडे न बघता म्हणून मोकळी होते. मग ओळींच्या पट्ट्या कापा, उलटसुलट टाका, लावून घ्या. एखादा शब्द झाका आणि त्याची चिठ्ठी ढिगातून शोधायला लावा. तोच कागद आठवडाभर चालवा, कंटाळा तुम्हालाच येईल. त्यांना नाही येत.

परीक्षा १५० गुणांची असते, वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५०. त्याबद्दल तुमचे प्रश्न असणार, ते आता घेऊ.