सात नाण्यांचा तराजू: सांगलीतील खेळाडूंच्या नजरेतून ‘ट्रायअँगल स्ट्रॅटेजी’

(दृश्य: गेममधील वोल्फर्ट घराण्याचे सभागृह, मधोमध तराजू.)

वोल्फर्ट घराण्याच्या सभागृहात सात माणसे जमली आहेत. ग्लेनब्रुक राज्याची राजधानी शत्रूच्या, म्हणजे शेजारच्या एस्फ्रॉस्टच्या, हाती पडली आहे, तेथून निसटलेला धाकटा राजपुत्र रोलंड याच घराच्या आश्रयाला आला आहे, आणि एस्फ्रॉस्टचा आर्चड्यूक गुस्टाडोल्फ त्याला आपल्या स्वाधीन करण्याची मागणी करतो आहे. नकार दिला, तर सेनापती अव्हलोराची फौज वोल्फर्टांच्या गावावर चालून येणार हे उघड आहे. घराण्याचा तरुण प्रमुख सेरेनोआ याच्यापुढे निर्णय उभा आहे. परंतु तो त्याने एकट्याने घ्यायचा नाही. सातही सोबती तराजूच्या एका किंवा दुसऱ्या पारड्यात आपापले नाणे ठेवतील आणि ज्या पारड्यात नाणी अधिक, तो निर्णय सर्वांवर बंधनकारक राहील. ज्याच्या नावाने आपण खेळतो, त्या सेरेनोआला मात्र मत नाही. त्याने केवळ समजूत घालायची.

‘ट्रायअँगल स्ट्रॅटेजी’ हा गेम स्क्वेअर एनिक्स आणि आर्टडिंक या जपानी कंपन्यांनी तयार केला आणि ४ मार्च २०२२ रोजी तो निन्टेन्डो स्विच या गेमयंत्रावर प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये संगणकासाठी आवृत्ती निघाली, आणि स्विच घरी नसलेल्या अनेक खेळाडूंना तो तेव्हाच हाताशी आला. सांगलीत हा गेम खेळणाऱ्यांची संख्या मोठी आहे, असे भासवण्याचे कारण नाही. विश्रामबागेतील वसतिगृहांत, मिरजेतील विद्यार्थ्यांच्या खोल्यांत आणि मार्केट यार्डाच्या एखाद्या दुकानामागच्या माडीवर तो खेळणारे थोडेच आहेत. परंतु जे आहेत, त्यांचे एकमेकांशी पटत नाही, आणि हा माहितीपट त्या न पटण्याविषयी आहे.

(दृश्य: सांगलीतील विष्णुदास भावे नाट्यगृह, त्यानंतर बुद्धिबळाचा मांडलेला पट.)

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ रंगमंचावर आणले ते याच गावात, आणि म्हणून सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. याच गावाने भाऊसाहेब पडसलगीकरांच्या तालमीत बुद्धिबळपटूंच्या पिढ्या घडवल्या. महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे या सांगलीच्याच. हा दुहेरी वारसा आजच्या विशीतल्या खेळाडूंच्या अंगात आपोआप उतरला आहे, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. तरीही अर्धा वेळ पात्रांना बोलते ठेवणारा आणि उरलेला अर्धा वेळ चौकटींच्या पटावर लढायला लावणारा एक गेम या गावात कसा तोलला जातो, हे पाहण्यासारखे आहे, कारण येथील मतभेदही नेमके त्याच दोन बाजूंनी विभागलेले आहेत.

पहिली तक्रार सर्वांच्या ओळखीची आहे: हा गेम फार बोलतो. विश्रामबागेतील अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी सांगतो की, पहिल्या संध्याकाळी त्याच्या वाट्याला लढाई जेमतेम आली. बाकी सारा वेळ तीन राज्यांची, त्यांच्या राजघराण्यांची आणि सरदारांची ओळख करून घेण्यात गेला, आणि दुसऱ्या दिवशी त्यातली निम्मी नावे त्याला आठवत नव्हती. ही तक्रार खोटी नाही. सुरुवातीच्या प्रकरणांत एक संवाद संपला की नकाशावर दुसरा उघडतो, आणि ‘याच वेळी अन्यत्र’ घडणारे प्रसंगही वाट पाहत असतात. त्यात पात्रे आपले म्हणणे पुन्हा एकदा, जरा वेगळ्या शब्दांत, सांगण्याची सवय बाळगून आहेत. नाटकाच्या तालमीत बसलेला कोणीही येथे कात्री मागेल.

प्रसिद्धीपूर्वीच्या चाचणीची हकीकत येथे सांगणे आवश्यक आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये या गेमचा पहिला डेमो, म्हणजे नमुन्याचा भाग, खुला करण्यात आला, तेव्हा तो कथेच्या मध्यातून, सहाव्या आणि सातव्या प्रकरणापासून सुरू होत असे, त्यामुळे खेळणाऱ्यासमोर अनोळखी माणसांची गर्दी एकाच वेळी उभी राहिली. कंपनीने खेळाडूंकडून प्रश्नावली भरून घेतली आणि तिच्या आधारे काठिण्याच्या पातळ्या, कॅमेऱ्याची हालचाल व गेम लोड होण्यास लागणारा वेळ यांत सुधारणा केल्या. पुढील डेमो पहिल्या तीन प्रकरणांचा होता आणि त्यातील प्रगती पूर्ण गेममध्ये नेता येत असे. म्हणजे खेळाडूंच्या मताला या गेमच्या घडणीत स्थान होतेच. बोलण्याचे प्रमाण तेवढे कमी झाले नाही, आणि ते कमी न होण्याला कारण आहे.

(दृश्य: मतदानापूर्वीची फेरी. सेरेनोआ गावात लोकांशी बोलत फिरतो आहे.)

मतदानापूर्वी गेम खेळाडूला मोकळे सोडतो. गावात फिरावे, सैनिकाशी बोलावे, एखाद्या घरात डोकवावे, सापडलेली कागदपत्रे वाचावीत. या फेरीत जी माहिती मिळते, तिच्यातून पुढे सोबत्यांची समजूत घालताना नवी वाक्ये उघडतात. कारभारी बेनेडिक्ट हिशेबाची भाषा समजतो. सेरेनोआची वाग्दत्त वधू फ्रेडरिका हिशेबाने वळत नाही. ज्याने आधीचे संवाद बटण दाबत ओलांडले, त्याला या माणसांना काय लागते हे ठाऊक नसते, तो चुकीचे वाक्य निवडतो, आणि नाणे नको त्या पारड्यात पडते. म्हणून आमचे मत असे की, या गेमची निर्णायक लढत चौकटींच्या पटावर होत नाही, ती सभागृहात होते, आणि सुरुवातीचे ते लांबलेले बोलणे तिचीच तयारी असते. लेखन पाल्हाळिक आहे म्हणून तक्रार करावी. परंतु ‘खेळ केव्हा सुरू होणार’ असे विचारणाऱ्याच्या हातात तो आधीच आलेला असतो.

मिरजेत वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीचा अनुभव याला पुष्टी देतो. रोलंडला शत्रूच्या हवाली करू नये, असे तिला मनापासून वाटत होते, आणि इतक्या उघड गोष्टीला कोणी विरोध करील असे तिच्या मनातही आले नव्हते. मत विरुद्ध गेले. गेमने तिला तो निर्णय अमलात आणायला लावला, आणि तिने रागाने यंत्र बंद केले. दुसऱ्या दिवशी आधी साठवून ठेवलेल्या टप्प्यापासून तिने पुन्हा सुरुवात केली, तेव्हा ती प्रत्येक घराच्या दारात थांबली. १९९५ च्या ‘टॅक्टिक्स ओग्रे’ या गेममध्येही खेळाडूला आपल्याच लोकांच्या कत्तलीत सहभागी व्हायचे की नाही, हे ठरवावे लागत होते, परंतु तेथे दोन उत्तरांपैकी एक निवडले की काम संपत असे. येथे उत्तर निवडून भागत नाही, ते इतरांच्या गळी उतरवावे लागते, आणि त्यातले अपयश पटावरच्या पराभवापेक्षा अधिक झोंबते असे तिचे म्हणणे आहे.

राजपुत्राला आश्रय देण्याचे ठरले, तर पुढची लढाई वोल्फर्टांच्या स्वतःच्या गावात होते. तेथे अग्नीचे सापळे आधीच पेरून ठेवलेले आहेत. ते पेटवले तर अव्हलोराची फौज होरपळते, परंतु त्याबरोबर रयतेची घरेही जळतात. या प्रसंगावर सांगलीतील खेळाडूंचे मत जवळजवळ एकमुखाने अनुकूल आहे, आणि कारणे मात्र प्रत्येकाची निराळी आहेत. कोणी सापळे न वापरता जिंकल्याचा अभिमान सांगतो, तर कोणी घरे जाळल्यानंतर गावकऱ्यांचे बोलणे ऐकून ओशाळल्याचे कबूल करतो. येथे कथा आणि डावपेच एकमेकांपासून वेगळे काढताच येत नाहीत. संपूर्ण गेममध्ये असे प्रसंग आणखी असते, तर तो थोर म्हणवला गेला असता.

(दृश्य: मार्केट यार्ड, हळदीची पोती, त्यानंतर हायझान्टचे मिठाचे सरोवर.)

कथेचे मूळ भांडण मिठाचे आणि लोखंडाचे आहे. नोर्झेलिया खंडात मीठ हायझान्ट या धर्मराज्याच्या सरोवरातून येते, लोखंड बर्फाळ एस्फ्रॉस्टमधून, आणि नद्यांच्या काठचे ग्लेनब्रुक व्यापारावर जगते. तीस वर्षांपूर्वी याच दोन वस्तूंसाठी तिन्ही राज्ये लढली होती. हळदीच्या अडतीवर बसणाऱ्या एका तरुणाला गेममधील हा भाग सर्वाधिक पटला. वस्तू अडवून धरणाऱ्याच्या हाती भाव जातो आणि भाव ज्याच्या हाती, त्याच्या धर्मालाही लोक मान डोलावतात, हे त्याला कोणी समजावून सांगावे लागले नाही. त्याचा आक्षेप दुसराच आहे. मीठ काढण्याच्या कामाला जुंपलेल्या गुलाबी केसांच्या रोझेल लोकांची गुलामी कथेत उशिरा उलगडते, आणि तोवर हायझान्टच्या संतांचे सौम्य बोलणे ऐकून खेळाडू त्यांच्याविषयी बरे मत करून बसलेला असतो. आम्हाला हा उशीर हेतुपुरस्सर वाटतो. जाता जाता एवढेच, की ग्लेनब्रुकच्या सरदारांनी खाल्ल्या मिठाला जागायचे ठरवले, तर त्यांना थेट हायझान्टशीच इमान राखावे लागेल.

(दृश्य: लढाईचा पट, उतारावरील घरे, छपरावर चढलेला तिरंदाज.)

आता पटाकडे वळू. शालेय वयापासून बुद्धिबळाच्या स्पर्धा खेळलेल्या एका मुलीला या गेममधील संवादांत फारसा रस नाही. ती ते सहन करते. तिला लढाया आवडतात, आणि त्या आवडण्याचे तिने दिलेले कारण नेमके आहे. बुद्धिबळात दोन्ही बाजूंची पाळी आलटून पालटून येते. येथे प्रत्येक पात्राची पाळी त्याच्या वेगानुसार येते, आणि पुढील क्रम पडद्याच्या तळाशी दिसत राहतो, त्यामुळे शत्रूचा मांत्रिक हलण्यापूर्वी आपल्याला किती चाली मिळणार, हे मोजूनच पाऊल टाकावे लागते. उंचीवरून केलेला हल्ला अधिक लागतो. पाठीमागून केलेला वार हमखास ‘क्रिटिकल’, म्हणजे नेहमीपेक्षा जबर, ठरतो. शत्रूच्या दोन विरुद्ध बाजूंना आपली दोन माणसे उभी राहिली, तर एकाच्या वारामागोमाग दुसराही आपसूक वार करतो. बर्फाला आग लावली की पाणी होते आणि त्या पाण्यातून वीज सोडली की त्यात उभे असलेले सगळे एकदम होरपळतात. मात्र त्यात आपला माणूस उभा नाही ना, हे पाहण्याची जबाबदारी आपली.

पात्रांची रचनाही तिला दाद द्यावीशी वाटते. येन्स हा लोहार शिड्या उभारतो, आणि ज्या भिंतीमुळे डाव अडला होता ती भिंतच आपल्या उपयोगाची होते. पिकोलेटा आपली प्रतिमा उभी करून शत्रूला भुलवते. मेदिना औषधे इतरांपेक्षा अधिक परिणामकारकपणे वापरते. संख्येने तीसच्या आसपास असलेल्या या पात्रांपैकी एकाचीही जागा दुसरा पूर्णपणे भरून काढत नाही. लढाईत पडलेले पात्र कायमचे मरत नाही, आणि हरल्यानंतर मिळालेला अनुभवही वाया जात नाही. काहींना ही सवलत मवाळ वाटते. ती मात्र म्हणते की हरलेला डाव पुन्हा मांडून पाहण्यातच शिक्षण असते, आणि ‘हार्ड’ पातळीवर खेळणाऱ्याला या सवलतीची गरज लवकरच कळते.

खेळाडूंत खरी चिडचिड निर्माण करणारी गोष्ट वेगळीच आहे. उपयुक्तता, नीती आणि स्वातंत्र्य अशा तीन मूल्यांचे गुण सेरेनोआच्या प्रत्येक उत्तरामागे साठत जातात. कोणता सोबती पटेल आणि कोणते पात्र पुढे फौजेत येईल, हे त्यांवर अवलंबून असते. पहिल्या खेळात मात्र हे गुण दाखवले जात नाहीत. पहिला खेळ संपवून नव्याने सुरुवात केल्यावरच ते दिसू लागतात. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला हा अन्याय वाटतो, कारण नियम लपवलेला खेळ त्याच्या मते खेळच नव्हे. आमचा कल दुसरीकडे आहे. गुण दिसले असते, तर खेळाडूने उत्तर स्वतःच्या मनाला विचारून दिले नसते, तक्त्याला विचारून दिले असते. त्याच्या दुसऱ्या तक्रारीत मात्र तथ्य आहे: फाटा कोणताही निवडला, तरी एखाददुसऱ्या प्रकरणानंतर रस्ते पुन्हा एकत्र येतात, आणि इतक्या कष्टाने जिंकलेल्या मताचे परिणाम पुसट होतात.

शेवटचा फाटा तसा पुसट होत नाही. सतराव्या प्रकरणात तिघे तीन मार्ग मांडतात. बेनेडिक्टला एस्फ्रॉस्टशी हातमिळवणी करून सेरेनोआला सिंहासनावर बसवायचे आहे. रोलंडला हायझान्टच्या छत्राखाली शांतता हवी आहे, रोझेलांची गुलामी तशीच राहिली तरी. आणि फ्रेडरिकाला त्या गुलामांना सोडवून खंडाबाहेर न्यायचे आहे, मागे राहिलेल्यांचे काय होईल ते होवो. प्रत्येक मार्गात जवळच्या कोणाची तरी साथ सुटते. अडतीवरचा तरुण पहिल्याच खेळात बेनेडिक्टच्या बाजूने गेला आणि त्याला त्याची खंत नाही. मिरजेची विद्यार्थिनी फ्रेडरिकासोबत गेली, आणि रोलंडचा मार्ग कोणाला कसा निवडवतो, हे तिला आजही समजत नाही.

यांखेरीज एक चौथा शेवटही आहे, आणि खरा वाद त्याच्यावर आहे. ठरावीक प्रकरणांत ठरावीक निर्णय घेतले, गावातील घरे वाचवली, तर तिन्ही सोबत्यांना एकत्र ठेवणारा मार्ग उघडतो. बहुतेक खेळाडू तेथे मार्गदर्शिका उघडून पोहोचतात, कारण आपापल्या बुद्धीने ती वाट सापडणे कठीण आहे. आमच्या मते लेखकांचा धीर येथे सुटला: कोणताही निर्णय सर्वांना सुखी करत नाही, असे तासन्‌तास पटवून दिल्यानंतर सर्वांना सुखी करणारे दार मागे ठेवण्यात आले. बुद्धिबळ खेळणारी मुलगी हे मान्य करत नाही. तिच्या दृष्टीने गेममधील सर्वोत्तम लढाया याच मार्गावर आहेत, कारण तेथे फौज तीन तुकड्यांत विभागली जाते, प्रत्येक तुकडी आपल्या आघाडीवर स्वतंत्रपणे लढते, आणि ज्यांना तोवर राखीव बसवून ठेवले होते, त्यांनाही पटावर उतरवावे लागते. तिने मेदिनाकडे आधी दुर्लक्ष केले होते. तिसऱ्या तुकडीसाठी तिची पातळी वाढवायला मागच्या सराव-लढायांत परतावे लागले, आणि तो वेळ वाया गेला असे तिला वाटत नाही.