आधी बॉक्स लाव, मग स्विच

हा आवाज नीट ऐका. बेस गिटारची सगळ्यात जाड तार, मोकळी सोडलेली, लो ई हा सूर. सेकंदाला साधारण ४१ वेळा हलतेय ती, आणि तुम्ही मोबाईलच्या स्पीकरवर ऐकत असाल तर यातलं बरंचसं तुमच्यापर्यंत पोचतच नाहीये, प्लीज हेडफोन लावा. नाशिक ढोल छातीत कसा बसतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको, चांगला ट्यूब अ‍ॅम्प (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या ट्यूबवर चालणारा) आणि त्याला जुळणारा बॉक्स, म्हणजे स्पीकरची पेटी, असला की बेस पण तसाच बसतो.

आपण सातपूर एमआयडीसीत आहोत. पुढच्या शेडमध्ये मोटार वाइंडिंग चालतं, वार्निशचा वास इथपर्यंत येतोय, आणि मागच्या या छोट्या खोलीत काका अ‍ॅम्प दुरुस्त करतात. काका शिकले ते व्हॉल्व्हच्या रेडिओवर, त्यामुळे ट्यूबला ते अजून व्हॉल्व्हच म्हणतात. टेबलावर उघडा पडलाय तो अ‍ॅम्प माझा. १०० वॅटचा, चार पॉवर ट्यूबवाला.

जरा जवळून बघा. हे ट्यूबचं सॉकेट, आणि या दोन पिनांच्या मधे काळी रेघ दिसतेय ना, पेन्सिलीने ओढल्यासारखी, ती स्पार्क उडून जळल्याची खूण आहे.

झालं असं की गंगापूर रोडला एका लॉनवर आमचा कार्यक्रम होता, जागा मोठी म्हणून मित्राचा अजून एक बॉक्स आणला, आणि ऐनवेळी स्पीकर केबल कमी पडली तर अ‍ॅम्पपासून पहिल्या बॉक्सपर्यंत मी गिटारची केबल लावली, दिसायला तर दोन्ही सारख्याच असतात. पण गिटारच्या केबलमधून जातो तो अगदी बारीक सिग्नल, त्यामुळे आतली तार पण बारीक, आणि १०० वॅट ४ ओहमच्या स्पीकरला द्यायचे (ओहम म्हणजे करंटला होणाऱ्या विरोधाचं माप) म्हणजे ५ अँपिअर करंट जातो. दुसऱ्या गाण्यात केबल आतून तुटली. दोन्ही बॉक्स त्याच केबलवर होते, सगळा आवाज एकदम बंद. मला वाटलं बेसचीच केबल गेली, म्हणून मी व्हॉल्यूम वाढवून तारा वाजवत राहिलो, दोन मिनिटं तरी.

त्या दोन मिनिटांत आत काय चाललं होतं ते समजलं की ओहमचं सगळं गणित समजतं, म्हणून इथे थोडं थांबूया.

पॉवर ट्यूबला हजारो ओहमचा लोड लागतो आणि स्पीकर असतो ४, ८ नाहीतर १६ ओहमचा. दोघांची गाठ घालून देतो तो आउटपुट ट्रान्सफॉर्मर. समजा ४ ओहमच्या टॅपला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या ४ ओहमसाठी काढलेल्या जोडणीला, ४ ओहमचाच बॉक्स आहे आणि ट्यूबला तो २,००० ओहम दिसतोय, तर त्याच टॅपला ८ ओहमचा बॉक्स लावला की ट्यूबला ४,००० दिसतात. म्हणजे मागे तुम्ही जो बॉक्स लावता तो ट्रान्सफॉर्मरमधून थेट ट्यूबच्या मानेवर बसतो. आणि काहीच लावलं नाही, किंवा केबल तुटली, तर एनर्जीला बाहेर जायला वाटच नाही, व्होल्टेज उसळ्या मारतं, सॉकेटवर स्पार्क उडतो, ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फुटतं. माझं दोन्ही झालं.

ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पला बॉक्स नसला तर सहसा काही होत नाही, तिथे भीती कमी ओहमची. आपल्याकडे बहुतेक पोरं त्याच अ‍ॅम्पवर शिकतात आणि तीच सवय घेऊन ट्यूबकडे येतात, खरी गडबड तिथे होते.

आता दोन बॉक्सचं. अ‍ॅम्पच्या मागचे दोन जॅक जवळजवळ नेहमी पॅरललमधे असतात, म्हणजे करंट दोन्ही बॉक्समधे वाटला जातो. ८ आणि ८ लावले की झाले ४, मग सिलेक्टर, म्हणजे अ‍ॅम्पवरचं ओहम निवडायचं बटण, ४ वर. १६ आणि १६ चे ८. इथवर सोपं. पण माझे बॉक्स होते एक ८ चा आणि मित्राचा ४ चा, म्हणजे एकूण २.६७, आणि वर ४ ओहमवाला दोन तृतीयांश पॉवर खाणार, १०० मधले ६७ वॅट त्याला आणि ३३ दुसऱ्याला. ४ च्या जागी २.६७, एवढ्या फरकाने अ‍ॅम्प लगेच जळत नाही, पण ट्यूब लवकर झिजतात आणि एक बॉक्स ओरडतो, दुसरा नुसता उभा असतो. मी तरी एक्स्टेन्शनसाठी, म्हणजे जोडीच्या दुसऱ्या बॉक्ससाठी, सारख्या ओहमचाच बॉक्स घ्या म्हणेन, जमलं तर त्याच स्पीकरचा, कारण एक स्पीकर दुसऱ्यापेक्षा ३ डीबी (डेसिबल) जास्त सेन्सिटिव्ह, म्हणजे तेवढ्याच पॉवरवर जास्त मोठा वाजणारा, असला तर दुसऱ्याला बरोबरीला यायला दुप्पट पॉवर लागते.

अँपेग कंपनीचा १९६९ चा एसव्हीटी हा बेस अ‍ॅम्प घ्या. ३०० वॅट, एकूण १४ ट्यूब, आणि त्याच्या बॉक्समधे १० इंची आठ स्पीकर, प्रत्येक ३२ ओहमचा, सगळे पॅरलल म्हणजे बरोबर ४ ओहम. असे दोन बॉक्स लावले की २. हेड (नुसता अ‍ॅम्प, स्पीकरशिवाय) आणि बॉक्सचा हिशोब पहिल्यापासून एकत्र केलेला.

बॉक्सवरचा स्टिकर गेला असेल तर मल्टिमीटर लावा, ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ दाखवतो, घाबरू नका, तो डीसी रेझिस्टन्स आहे. फक्त अ‍ॅम्पच्या आत हात घालू नका, काही अ‍ॅम्पमधे ७०० व्होल्टच्या आसपास असतात आणि स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमधे राहतात.

ट्रान्सफॉर्मर पुढच्या शेडमधेच रिवाइंड झाला. जुनी कॉइल उलगडताना काकांनी वेढे एकेक करून मोजले, प्रत्येक थराचा कागद बाजूला ठेवला, दोन संध्याकाळी गेल्या त्यात.

आज तो बसवलाय. नवं सॉकेट, नवी जाड स्पीकर केबल. मी घाईत स्विचकडे हात नेला तर काकांनी मनगट धरलं.

"बॉक्स लावलाय का रे?"

लावलाय काका. ८ चा, सिलेक्टर पण ८ वर.

"मग कर चालू."