पदर तयार आहे, आता टाका कोणता?

(अमळनेर येथे शिवणकाम करणाऱ्या महिलांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. समोर बऱ्याच जणींच्या मांडीवर पिशव्या दिसतायत, आणि त्यात काय असणार याचा मला अंदाज आहे. चौकडे जोडून, इस्त्री फिरवून, घडी घालून ठेवलेला गोधडीचा वरचा पदर. तो होऊन महिने झाले असतील. काम अडलंय ते एकाच जागी: आता यावर टाका कोणता घालू? नागमोडी, शंकरपाळी, लाटा, कोयरी? मोबाईलवर शंभर नमुने बघून झालेत आणि शंभरही आवडलेत.

आपल्या आज्यांना हा प्रश्न पडत नव्हता. नक्षीची जाण त्यांना आपल्यापेक्षा जास्तच होती, पण त्यांच्या पद्धतीत या प्रश्नाला जागाच नव्हती. चैत्र-वैशाखात शेतं मोकळी झाली, की जुनी लुगडी धुऊन कडक उन्हात वाळवायची आणि ओट्यावर अंथरायची. नऊ वारांचं लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड. त्याचे चार तुकडे केले की एकेक दोन मीटरचा, माणसाच्या लांबीला पुरून उरेल एवढा. थरावर थर टाकायचे, वर ठिगळं मांडायची आणि काठापासून धावदोरा घालत चौकटीत चौकट करत आत यायचं. ठिगळ बसवणं आणि थर एकमेकांना धरवणं, दोन्ही कामं एकाच टाक्यात. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायका कवंदी नावाची त्यांची गोधडी शिवतात, तीही अशीच कडेकडून मधे येते. अशा शिवण्यात कापड कुठे फुगलं, जास्तीचं झालं, तर ते पुढच्या ठिगळाखाली सरकवून दुमडता येतं. ठिगळ अजून मोकळंच असतं ना!

आपण आता करतो ते वेगळं. चौकडे आधी पाव इंच दाबून जोडायचे, अख्खा पदर वेगळा पुरा करायचा, मग भरण, मग अस्तर, आणि शेवटी तिन्ही मिळून टाका. ही चाल अमेरिकेकडची, व्हिडिओंमधून आपल्याकडे आली. त्यात वाईट काही नाही, पण एक गोष्ट बदलते. पदर आता बंद झालाय. फुगलेलं कापड सरकवायला कुठे मोकळी कड नाही. म्हणून चौकटीत चौकट ही आपली जुनी नक्षी तयार पदरावर जरूर घ्या, पण शिवायला काठापासून बसू नका. काठापासून आत आलात, तर सगळा सैलपणा ढकलत ढकलत मधे येतो आणि छातीवर यायच्या जागी टेंगूळ उभं राहतं. दिसायला तीच नक्षी, शिवायची मात्र मधून बाहेर. कच्चे टाकेसुद्धा मधूनच चारी दिशांना घालत जा, वीतभर अंतराहून लांब नको.

आता नक्षीकडे. मी सांगेन ते काहींना उलटं वाटेल. नक्षी वरचा पदर बघून ठरवायची नाही. आधी आत काय आहे ते बघायचं.

आत सुटा कापूस असेल, पिंजाऱ्याकडून पिंजून आणलेला, तर तुमच्या हाती निवड फार उरत नाही. सुटा कापूस फिरतो. पांघरणाऱ्याच्या पायांनी फिरतो, धुताना तर गोळाच होतो. त्याला चार बोटांपेक्षा मोठी मोकळी जागा मिळता कामा नये. म्हणजे मोठमोठ्या कोयऱ्या, मधे वीत-दीड वीत जागा सोडलेली फुलं, हे सगळं बाद. शंकरपाळी घ्या, नाहीतर सरळ ओळी. आत जुनी लुगडी-धोतरं असतील तर कापड कुठे पळत नाही, म्हणजे ओळी एकमेकींपासून लांब असल्या तरी चाललं असतं. तरी आपल्या बाया दोन-दोन बोटांवर टाका का घालतात? कारण ते कापड झिजलेलं असतं. ओढ बसली की ते एकटं फाटेल; टाका दाट असला की ओढ सगळ्या थरांत वाटली जाते. हल्ली दुकानात पॉलिएस्टरची पत्र्यासारखी जुळलेली लादी मिळते. ती जागची हलत नाही, तिला वीतभर अंतरही चालतं. पाकिटावर अंतर छापलेलं असलं तर तेच पाळा. आणि आत नायलॉनच्या, जॉर्जेटच्या साड्या घालणार असाल तर... घालू नका एवढंच म्हणते. एक तर त्या एकमेकींवरून निसटतात, आणि दुसरं म्हणजे खानदेशातल्या उन्हाळ्यात त्या गोधडीखाली कोण झोपणार आहे?

म्हणजे किती दाट, हे भरण सांगतं. पण दाटपणाला किंमत असते. जितका टाका दाट तितकी गोधडी ताठ. पुठ्ठ्यासारखी गोधडी अंथरायला उत्तम, पांघरायला वाईट. अंगाला बिलगत नाही, बाजूनं वारा शिरतो. जळगाव-धुळ्याकडची पौषातली पहाट ज्यांनी शेतात काढलीय त्यांना ते वेगळं सांगायला नको. तेव्हा अंथरायची का पांघरायची, हे आधी ठरवा.

आणि दाटपणा सगळीकडे सारखा ठेवा. मधे एक सुंदर दाट कमळ काढलं आणि कडेला हात आखडला, की मधला भाग आवळून लहान होतो आणि कडा झालरीसारख्या लाटा मारतात. मग बायका म्हणतात, पदरच वाकडा शिवला गेला. पदर सरळच होता हो.

आता वरचा पदर. समोरच्या ताई, तुमचा तो जांभळा उलगडता का जरा? हा बघा. छापील फुलांची कापडं, त्यात ठिपके, त्यात चौकडा. सुंदर आहे. यावर मोरपीस काढलं, तर ते कुणाला दिसणार? दहा दिवस बसून काढलेलं पीस त्या फुलांत बुडून जाईल. जिथे छाप गजबजलेली आहे तिथे टाका साधा: नागमोडी, लाटा, सरळ ओळी. जिथे एकरंगी कापड मोकळं आहे, तिथे कारागिरी खर्च करा. मेहनत सगळीकडे सारखी वाटायची नसते. दाटपणा सारखा, मेहनत नाही. या दोन गोष्टींची गल्लत फार होते.

आणखी एक. पदरात सगळे चौकोन-त्रिकोण असतील, तर गोलाई असलेला टाका त्याला उठाव देतो. पंख्याची नक्षी म्हणतात, एकात एक अर्धवर्तुळं, कोपरापासून हात फिरवून सहज काढता येतात, ती अशा पदरावर छान बसते. उलट, पदरातच चांदणी असेल आणि ती चांदणी दिसावी हाच तुमचा हेतू असेल, तर टाक्यानं तिच्याशी स्पर्धा करू नये. जोडाच्या खाचेतून टाका न्या. खाच नीट हाताखालून घालवा: शिवणीचा दाब एका बाजूला पडलेला असतो, ती बाजू उंच लागते, दुसरी खोलगट. टाका खोलगट बाजूनं जातो. मग तो दिसत नाही आणि चांदणी आपोआप उचलून वर येते.

हातानं शिवणाऱ्यांनी अजून एक हिशेब करावा. दीड-दीड इंचाचे तुकडे जोडलेला पदर असेल, तर जोडांचीच गर्दी असते. जोडावर कापडाचे थर वाढतात, सुई अडते, बोटं सोलतात. तिथे बारीक टाक्याचा हट्ट सोडा. भरतकामाचा जाड दोरा घ्या, टाका मोठा घ्या आणि जोडापासून पाव इंच लांब चाला, म्हणजे दाबलेल्या कापडातून सुई न्यावी लागणार नाही.

नक्षी मनात धरली, तरी लगेच शिवू नका. वह्यांना घालतो ते पारदर्शक प्लॅस्टिक पदरावर पसरा आणि त्यावर मार्करनं नक्षी काढून बघा. प्लॅस्टिकच्या कडेला आधी रंगीत चिकटपट्टी लावा, नाहीतर हात घसरतो आणि मार्कर कापडावर जातो. नाही आवडलं तर ओल्या कापडानं, नाहीतर स्पिरिटनं पुसायचं. प्लॅस्टिक नसेल तर फोटो काढून मोबाईलवर बोटानं रेघोट्या मारा. पण लांब उभं राहून बघा. गोधडी खाटेवर बघायची असते, नाकाला लावून नाही.

कापडावर रेघ ओढायला साबणाची झिजलेली वडी सगळ्यात भरवशाची. पाण्यानं जाणारं निळं पेन वापरत असाल तर धुण्याआधी त्यावर इस्त्री नको, रंग पक्का बसतो. इस्त्रीच्या उष्णतेनं उडणारी पेनंही आलीत; त्यांची शाई खूप थंडीत, उणे दहा अंशांच्या आसपास, परत उमटते. तेवढी थंडी धुळ्यात पडत नाही म्हणून निश्चिंत राहू नका, कारण गडद कापडावर त्यांचा पांढरट माग तसाही राहतो.

चिठ्ठ्या आल्यात, त्यातल्या दोन-तीन घेते.

"दोरा पदराच्या रंगाचा घ्यावा का वेगळा?" वेगळा दोरा प्रत्येक टाका दाखवतो, वाकडा टाकासुद्धा. हात बसलेला असेल तर खुशाल लाल-पिवळा घ्या. पण वरून ठरवून मोकळ्या होऊ नका, गोधडी उलटी करा. अस्तर एकरंगी असेल तर तिथे ठिगळं नाहीत, छाप नाही, नुसता टाकाच आहे. तुमची खरी नक्षी तीच. अस्तरावर छाप असली की चुका झाकतात. शिकाऊ हातानं छापील अस्तर घ्यावं, हे मी उघडपणे सांगते.

"मशीनवर नागमोडी करताना कापड अडतं." मशीनचे दाते खाली घेतलेत का? दाते वर असले की कापड पुढेच ओढलं जातं, तुम्ही फिरवाल तसं फिरत नाही. मशीनला रफूचा पाय लावा, दाते खाली घ्या आणि तुमचे स्वतःचे पाय आणि हात एका चालीत ठेवा. सरळ ओळींना मात्र दाते वरच हवेत.

"बाळाच्या दुपट्यावर कोणती नक्षी?" दुपटं ताठ नको, म्हणून टाका दाट नको; आणि ते रोज धुतलं जातं, म्हणून टाका लांबही नको. लांब टाक्याची वरून दिसणारी सैल दोरी बाळाच्या बोटांत अडकते. मोठ्या गोधडीतही हेच; जोडव्यांत अडकून ओळच्या ओळ उसवलेली तुमच्यापैकी किती जणींनी बघितलीय? हात वर करा. बघा! टाका बोटाच्या पेरापेक्षा लहान, आणि गाठी आत, भरणात ओढून घ्यायच्या. अस्तर आणि भरण पदरापेक्षा चारी बाजूंनी तीन-चार इंच मोठं ठेवा, कारण टाका घालताना सगळं आवळत जातं, धुतल्यावर सुती कापड आणखी आटतं. कडा कापून गोट लावायचा तो टाका पूर्ण झाल्यावरच, आधी नाही.

आता पिशव्या उघडा. पहिल्या रांगेपासून येते, पण नक्षी विचारू नका. आत काय घालणार ते सांगा.