पांढरी एक, काळी दोन आणि एका बाजूने भाजलेला टोस्ट

(मंडळाच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना मी दोन-तीनदा भरकटले होते. त्यातलं बरंचसं तसंच ठेवलंय.)

नमस्कार मंडळी.

समितीने मला विषय दिला होता, 'आवडतं खाणं, आवडतं गाणं'. मी म्हटलं, यात घरातली म्हातारी यंत्रंही घालू द्या, तर बोलते. कारण आमच्याकडे खाणं काय नि गाणं काय, दोन्ही यंत्रांच्या हातून येतं, आणि ती यंत्रं आता माझ्यासारखीच झालीत. चालतात, पण आपल्या तब्येतीने. शिवाय मी नोकरीभर विजेच्या मोटरींबरोबर काम केलं. माणसांविषयी बोलायला लावलंत तर मी अडखळेन, मोटरींविषयी अडखळणार नाही.

१९८४ साली आम्ही या देशात आलो तेव्हा सामानात दोन विजेच्या वस्तू होत्या. एक, स्वेटरांमध्ये गुंडाळलेला रेकॉर्ड प्लेअर. दुसरं, लाल आकड्यांचं गजराचं रेडिओ-घड्याळ. तिकडे वीज २३० व्होल्टची, इथे १२०, एवढं येणाऱ्या प्रत्येकाला कुणी ना कुणी सांगतंच. म्हणून आम्ही ट्रान्सफॉर्मर घेतला, विटेएवढा जड. व्होल्टची काळजी मिटली. हर्ट्झकडे मात्र कुणाचं लक्ष गेलं नाही.

तिकडे वीज सेकंदाला ५० वेळा मागे-पुढे होते, इथे ६० वेळा. हेच हर्ट्झ, म्हणजे विजेची वारंवारिता. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हे ५० नि ६० मात्र तसेच राहतात. (जपानात तर एकाच देशात दोन्ही आहेत, पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६०. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एकीकडे जर्मन जनित्रं घेतली, दुसरीकडे अमेरिकन, आणि तो घोळ आजही निस्तरलेला नाही. हे ऐकलं की मला आमच्या घराबद्दल जरा बरं वाटतं.)

पहिल्या रात्री घड्याळ दहाला बरोबर लावलं, सहाचा गजर केला आणि झोपलो. गजर झाला, उठलो, चहा झाला, आंघोळ झाली, तरी बाहेर मिट्ट काळोख. ते घड्याळ विजेच्या लाटा मोजून चालायचं. ५० लाटा झाल्या की एक सेकंद, हे त्याचं गणित. इथे तासाला बारा मिनिटं पुढे पळत होतं बिचारं. सहाचा गजर खरा वाजला होता चार चाळीसला. घड्याळाच्या पाठीवर ५०/६० लिहिलेला एक बारका खटका होता, तो मला तिसऱ्या दिवशी दिसला. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर!

रेकॉर्ड प्लेअरला खटका नव्हता. त्याची मोटर सिंक्रोनस जातीची, म्हणजे तारेतल्या लाटांच्या तालावर पावलं टाकणारी. मिनिटाला सव्वातेहतीसच्या किंचित वर, म्हणजे ३३⅓ फेरे घ्यायची तबकडी इथे नेमके ४० घ्यायला लागली. नवऱ्याने मोठ्या हौसेने त्याची सगळ्यात लाडकी रेकॉर्ड लावली. बाईंचा आवाज बाहुलीसारखा आला, आणि मागचा ठेका म्हणजे कुणी टायपिस्ट मन लावून पत्र बडवतोय. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तो म्हणाला, "अगं, हिला कसली घाई आहे?"

पेटी वाजवणाऱ्यांसाठी सांगते. वेग दर पाचाला सहा झाला की सूर काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्या वर चढतो, आणि वर थोडंसं. पांढरी एकमधलं गाणं काळी दोनच्याही किंचित वर जाऊन बसतं. म्हणजे ते धड काळी दोनमध्येही नाही, त्यामुळे त्याच्याबरोबर पेटी वाजवायची सोय नाही. वीस मिनिटांची बाजू सोळा मिनिटं चाळीस सेकंदात आटपते.

यावर इलाज सोपा होता. मोटरच्या दांडीवर एक छोटी पुली असते, तिच्यावरून रबरी पट्टा तबकडीला फिरवतो. त्या पुलीचा व्यास सहात पाच करायचा, झालं. पण नवी नोकरी, मग बाळ, मग बाळाचे कान दुखणं. त्या पुलीला लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, बघायला चार वर्षं लागली. आणि त्या चार वर्षांत आम्ही काय केलं असेल? त्याच प्लेअरवरून कॅसेटी भरल्या. गाडीसाठी. डझनभर.

प्लेअर बरा झाला, कॅसेटी तशाच राहिल्या. मुलगी गाडीच्या मागच्या सीटवर त्या ऐकत वाढली.

मागच्या वर्षी ती घरी आली होती, चाळिशीला टेकलेली बाई. तिच्या फोनवर मी तेच गाणं लावलं, मूळ, स्वच्छ, योग्य पट्टीत. दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाली, "आई, हे कुणीतरी झोपेत गातंय का? माझं वालं लाव ना." मग स्वतःच गुणगुणायला लागली. मी उठून पेटीवर पाहिलं. काळी दोन, आणि किंचित वर. जगात ते गाणं त्या पट्टीत कधीही गायलं गेलेलं नाही. आमच्या गाडीतच काय ते.

हे काही तिचं एकटीचं नाही. डॅनियल लेव्हिटिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९९४ साली साध्या माणसांना, गायकांना नव्हे, त्यांचं आवडतं गाणं आठवणीतून म्हणायला लावलं होतं. बरेच जण रेकॉर्डवरच्या मूळ सुराच्या अगदी जवळ जाऊन पोचले. सूर ओळखता येत नाही म्हणणाऱ्याच्या डोक्यातही पट्टी बरेचदा पक्की बसलेली असते. आमच्या मुलीच्या डोक्यातही पक्कीच बसली, फक्त चुकीची. आणि 'चुकीची' म्हणायला मीसुद्धा आता जरा कचरते. तिच्यापुरतं मूळ गाणंच चुकलेलं आहे.

तेव्हापासून मी घरात बघत असते, की आपल्याला 'आवडतं' म्हणून जे चिकटलंय त्यात त्या वस्तूचं किती आणि यंत्राच्या खोडीचं किती.

टोस्टरचंच घ्या. टोस्टरला हर्ट्झशी काही देणंघेणं नसतं, तार तापली की काम झालं. आमचा १९८५ चा, तोही देश सोडून जाणाऱ्या एका कुटुंबाकडून घेतलेला. आत नायक्रोमच्या तारा असतात. वर्षानुवर्षं तापून-निवून त्या म्हाताऱ्या होतात, आणि सगळ्या एकदम नाही. आमच्याकडे आतल्या बाजूच्या तारा अजून लालबुंद होतात, बाहेरच्या नुसत्या लाजल्यासारख्या. त्यामुळे स्लाइस एका बाजूने गडद तपकिरी, जवळजवळ करपायला आलेली, दुसऱ्या बाजूने पांढरी, नुसती कोमट. वर उडवणारी स्प्रिंगही दमलीय, म्हणून वासावर लक्ष ठेवायचं आणि दांडी हाताने उचलायची.

तो वास कशाचा, तर साखरा आणि प्रथिनांचे घटक उष्णतेत एकमेकांशी भिडतात त्याचा. लुई कामीय मायार या फ्रेंच माणसाने १९१२ साली ते मांडलं, म्हणून त्याला मायार अभिक्रिया म्हणतात. १४० अंशांच्या आसपास ती जोर धरते. उकडलेल्या बटाट्याला आणि परतलेल्या बटाट्याला वेगवेगळे चाहते असतात ते यामुळेच. उकळत्या पाण्यात १०० च्या वर जाता येत नाही. वास छान असतो तो क्षण आणि करपतो तो क्षण, यांत आमच्या टोस्टरवर सात-आठ सेकंदांचं अंतर आहे. घरातल्या सगळ्यांना ते पाठ आहे.

आता खायचं कसं? लोणी लावायचं पांढऱ्या बाजूला. ती मऊ असते, लोणी आत जिरतं. आणि तोंडात घालताना भाजलेली बाजू खाली, जिभेवर. आधी कुरकुर, थोडा कडवट, मग वरून लोणी उतरतं. मुलांनी दोन वर्षांपूर्वी वाढदिवसाला नवा टोस्टर दिला, डिजिटल, दोन्ही बाजू एकसारख्या, जणू रंगकाम करून आणल्यासारख्या. चार दिवस मुकाट्याने खाल्लं. पाचव्या दिवशी नवरा म्हणाला, "हे उत्तम आहे गं. पण हे बिस्किट आहे." जुना परत ओट्यावर आला.

फ्रिजची गोष्ट वेगळी, तो खाण्यापेक्षा गाण्यात जास्त लुडबुड करतो. विजेच्या यंत्राची घरघर बहुधा वारंवारितेच्या दुप्पट सुरात असते. ५० हर्ट्झचा फ्रिज १०० वर गुणगुणतो, म्हणजे पांढरी पाचच्या जवळ, जरासा वर. त्याच्याबरोबर गाता येतं. इथला १२० वर, तो काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोब्बर मध्ये. म्हणजे ना इकडचा ना तिकडचा. माझा नवरा स्वयंपाकघरात गातो, चांगलं गातो, पण फ्रिज चालू असला की त्याचं बिनसतं. कॉम्प्रेसर बंद पडायची वाट बघत हातात सुरी घेऊन थांबलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी रोज बघते. नवे फ्रिज इन्व्हर्टरवाले, त्यांचा वेग गरजेप्रमाणे बदलतो, त्यामुळे सूरही बदलतो. दुकानात त्याने एकाला कान लावला आणि म्हणाला, "हा नुसताच बेसूर नाही, हा फिरतो." नाही घेतला.

बरं, दरवेळी दोष यंत्राचाच असतो असंही नाही. पूर्वीच्या काचेच्या जाडजूड टीव्हीला एक बारीक शीळ असायची, १५,७३४ हर्ट्झची. टीव्हीचा आवाज बंद असला तरी दुसऱ्या खोलीतून मला कळायचं, कुणीतरी तो चालू ठेवलाय. चाळिशीनंतर केव्हातरी ती शीळ थांबली. मला वाटलं, टीव्ही सुधारला! एकदा धाकटी भाचरं आली आणि कानावर हात ठेवून ओरडली, "किती वाजतोय हा!" तेव्हा कळलं की तो वाजतच होता, बंद मी झाले होते. वय वाढतं तसे वरचे सूर आधी जातात. आता नातू म्हणतो, "आजी, तुझा चार्जर किंचाळतो." किंचाळू दे.

नाकाचंही तसंच. टोमॅटोच्या सारबद्दल आमच्याकडे दहा वर्षं कुरकुर होती, 'पूर्वीसारखं लागत नाही'. आधी मी मिक्सर बदलला, मग भांडं. मग वाचलं की टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवले की त्यांचा वास तयार करणारी यंत्रणा थंडीने मंदावते, आणि बाहेर काढल्यावरही ती पूर्ण परत येत नाही. तेव्हापासून टोमॅटो ओट्यावर. सार सुधारलं, हे नक्की. पण पूर्वीसारखं? नवरा विचार करून म्हणाला, "नाही." मग मी मुलीला चाखायला दिलं. ती म्हणाली, "तसंच तर आहे!" आम्ही दोघांनी एकमेकांच्या नाकाकडे पाहिलं.

परत कॅसेटींकडे येते. या हिवाळ्यात त्या डझनभर कॅसेटी मी संगणकावर उतरवून घेतल्या. डेक उघडला तर आतल्या रबरी पट्ट्याचं काळं डांबर झालेलं. रबर म्हातारं झालं की काही वेळा कडक होऊन तडकतं, काही वेळा असं वितळतं. ते बोटांना लागलं की साबणाने जात नाही, स्पिरिटने जातं, तेही रडतखडत. नवा पट्टा घातला, दाबणारं रबरी चाक पुसलं. एका नव्वद मिनिटांच्या कॅसेटमध्ये सुमारे १३० मीटर फीत असते, चार मिलिमीटरलाही कमी रुंद, सेकंदाला ४.७६ सेंटिमीटरने सरकणारी. दोन कॅसेटींचे गुंते षटकोनी पेन्सिलीने गुंडाळून सोडवले. ही विद्या अजून हातात आहे, हे बघून मला उगाचच अभिमान वाटला.

सगळं उतरवल्यावर मी वेग सहात पाच केला. बाई आपल्या पट्टीत आल्या, ठेका ठिकाणावर आला. मोठ्या कौतुकाने मुलीला पाठवलं. तिचं उत्तर आलं, "थँक्यू आई. आता बिघडलेली पण पाठव." म्हणून आता दोन फोल्डर आहेत. एकाचं नाव 'बरोबर', दुसऱ्याचं नाव 'तिचं'.

एका कॅसेटमध्ये दोन गाण्यांच्या मधे आमच्या खोलीतला आवाजही आलाय. बहुतेक तारा नीट जोडल्या नव्हत्या आणि डेकने स्वतःच्या माइकवरून भरलं. सोळाएक सेकंद. आधी तव्यावर सराट्याची खरखर, मग मी ओरडतेय, "अहो, ऊतू जातंय!" आणि लांबून उत्तर, "गाणं संपू दे!" तो भाग मूळ वेगातच भरला गेलेला, कारण आम्ही काही रेकॉर्डवर नव्हतो. पण मी संपूर्ण कॅसेट एकदमच सावकाश केली. त्यामुळे 'बरोबर' या फोल्डरमध्ये गाणी बरोबर आहेत आणि आम्ही दोघं जाड, जडशीळ आवाजात, झोपेत भांडल्यासारखे. 'तिचं' या फोल्डरमध्ये बाई बाहुलीसारखी गाते आणि आम्ही बरोबर आहोत.

तो टोस्टर मी आज बरोबर आणलाय, मागच्या टेबलावर ठेवलाय. पाव आहे, लोणी आहे. एका बाजूने पांढरा आला तर तक्रार समितीकडे करू नका, लोणी त्याच बाजूला लावा. चिटणिसांनी मात्र बजावून सांगितलंय की कॉफीचा मोठा बंब आणि हा टोस्टर एकदम लावायचे नाहीत, हॉलची लाइन उडते. सकाळी एकदा उडाली. तेव्हा आधी कॉफी घ्या, मग मी बंबाची पिन काढते आणि टोस्टला रांग लावू. वास आला की मला हाक मारा, दांडी हाताने उचलावी लागते.