माठाशेजारचे नेचे

घड्याळाच्या स्प्रिंगसारखे गुंडाळलेले हे कोवळे पान उलगडायला काही दिवस घेते. लातूरच्या एका स्वयंपाकघरात, माठाच्या तिवईलगत ठेवलेले हे बोस्टन फर्न, म्हणजे नेच्याचा एक प्रकार, भर मे महिन्यातही पालवते आहे.

नेच्याला फूल येत नाही आणि बीही धरत नाही. पानामागचे तपकिरी ठिपके पाहून पुष्कळ जण कीड समजतात व औषध फवारतात; खरे तर त्यांत बीजाणू असतात. बीजाणू ओलसर जागी रुजला की नखाहून लहान, हृदयाकृती हिरवा पापुद्रा तयार होतो, त्याच्या खालच्या बाजूवरील पाण्याच्या पातळ थरातून पुंपेशी पोहत स्त्रीबीजापर्यंत जाते आणि मगच नवे नेचे आकार घेते. बोस्टन फर्नचे बीजाणू मात्र सहसा रुजत नाहीत. त्याचा गड्डा हाताने विभागून, मुळांसह वेगळा लावावा लागतो.

एप्रिल २०१६ मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे शोभेच्या झाडाला पाणी कशासाठी, हा प्रश्न रास्तच आहे. परंतु नेच्याला धो-धो पाणी नको असते. माती किंचित ओली, हवा दमट आणि प्रकाश आडोशाचा, एवढे त्याला पुरते. जुन्या बारवेच्या दगडी सांध्यांत, काळ्या चकचकीत देठांवर झुलणारा हंसराज त्याचाच भाऊबंद. तो दगडाआडच्या पाझरावर जगतो. या घरात तेच काम माठ करतो. त्याचा पाझर खालच्या परातीतील खड्यांवर उतरतो आणि त्या खड्यांवरच कुंडी ठेवलेली आहे.

बोअरच्या जड पाण्यातील क्षार कुंडीत साचून पानांची टोके करपतात. आरओ शुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकल्या जाणाऱ्या सांडपाण्यात तर क्षार आणखी वाढलेले असतात. ते वाया जाऊ नये म्हणून नेच्याला घालणे ही काळजी नव्हे. येथे पत्र्यावरून उतरलेले पावसाचे पाणी पिंपात साठवलेले आहे.

आपली काळी माती ओली असताना चिकटते व वाळली की भेगाळते. म्हणून कुंडीत कोकोपीट, पालापाचोळ्याचे खत आणि वाळू यांचे हे भुसभुशीत मिश्रण आहे. कूलरच्या थेट झोतात राहिलेले दुसरे रोप याच उन्हाळ्यात वाळून गेले. त्याची पाने बुडापासून कापली आहेत, आणि मोकळ्या झालेल्या त्या कुंडीत आता विभागलेला गड्डा बसवला जात आहे.