पहिली नळी

तुमच्यापैकी बरेच जण पेगइंटरफेरॉनच्या, म्हणजे दर आठवड्याच्या इंजेक्शनच्या काळात वॉर्डात होते, म्हणून हेपटायटिस सी हा यकृताचा व्हायरस म्हणजे काय, इथून सुरुवात करत नाही. आज एका नळीबद्दल बोलायचं आहे. उपचाराआधी काढलेल्या रक्ताची नळी.

2009 मध्ये एसटीचे एक ड्रायव्हर माझ्याकडे यायचे. जुन्या अपघातात रक्त चढवलेलं, त्यातून हेपटायटिस सी, तोही जीनोटाइप 1, म्हणजे व्हायरसचा पहिला उपप्रकार. (आपल्याकडे 3 जास्त, ते तुम्हाला माहीत आहे.) दर शुक्रवारी पेगइंटरफेरॉनचं इंजेक्शन, रोज रिबाव्हिरिनच्या गोळ्या, 48 आठवडे. गावात लोडशेडिंग, म्हणून इंजेक्शनं दूध डेअरीच्या फ्रीजमध्ये, दह्याच्या डब्यांमागे. शनिवारी ताप, रविवारी अंग मोडून यायचं, सोमवारी ड्युटी. हिमोग्लोबिन 8 वर आलं तेव्हा डेपोत बसून काम घेतलं. म्हणाले, "डॉक्टर, नातवावर खेकसलो हो मी." खेकसत होतं ते औषध, पण त्यांना ते पटेना. 24 व्या आठवड्यातही व्हायरस रक्तात होताच. थांबवलं. दोन एकर गहाण पडले होते. त्यांनी विचारलं, "हे आधी कळलं नसतं?"

अंदाज आला असता, हेच मला सलतं. आणि तपासायला हवं ते उपचाराआधीचं सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पातळ भाग) लॅबने आठवड्यातच टाकून दिलं होतं.

आयोजकांची चिठ्ठी आली, भाषणाची पाच मिनिटं उरलीत. भरभर सांगतो.

2006 मध्ये स्वीडनमधल्या गोटेनबर्गच्या संशोधकांनी उपचाराआधीच्या रक्तात आयपी-10 हे प्रथिन मोजलं. मिलिलिटरला 600 पिकोग्रॅमच्या वर असेल, तर जीनोटाइप 1 मध्ये यश कमी. हे प्रथिन व्हायरसशी लढणाऱ्या टी पेशींना यकृताकडे बोलावतं, मग जास्त असलेलं बरं ना? नाही. जास्त आयपी-10 म्हणजे यकृतात इंटरफेरॉनची, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या व्हायरसविरोधी प्रथिनाची यंत्रणा आधीच पेटलेली. बाहेरून आणखी टोचून फरक पडत नाही. 2011 मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधून पुढचा दुवा आला: डीपीपी-4 हे एन्झाइम आयपी-10 चं टोक छाटतं, आणि टोक छाटलेलं आयपी-10 कुलपात अडकलेल्या मोडक्या किल्लीसारखं टी पेशींवरचा रिसेप्टर अडवतं. डीपीपी-4! इथल्या निम्म्या खिशांत त्याला रोखणारी मधुमेहाची गोळी आहे. तिने सी बरा होतो असं मात्र घरी सांगू नका.

आता सोफोस्बुव्हिर आणि सोबतचं दुसरं व्हायरसविरोधी औषध या गोळ्यांच्या जोडीने 12 आठवड्यांत शंभरातले 95 बरे होतात, 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ती मोफतही मिळते. मग नळी कशाला? उरलेल्या पाचांसाठी. आणि व्हायरस गेल्यावरही सिरोसिस असलेल्यांपैकी कुणाला पुढे यकृताचा कर्करोग होईल, हे शोधण्यासाठी. व्हायरस गेला की आयपी-10 उतरतं, आधीची स्थिती पुन्हा हाती लागत नाही. म्हणून पहिली गोळी देण्याआधी एक मिलिलिटर सीरम उणे 80 अंश सेल्सिअसला ठेवा.

ते ड्रायव्हर 2016 मध्ये गोळ्यांनी बरे झाले. या वेळची त्यांची पहिली नळी आमच्या फ्रीझरच्या तिसऱ्या रॅकमध्ये आहे.