विंगेतली मासोळी

नमस्कार श्रोतेहो. शाळेच्या संगीत नाटकाला आपण जातो ते मुलगी गाणार असते म्हणून, भाचा नाचणार असतो म्हणून. आज बोलायचंय ते मात्र विंगेतल्या मुलांबद्दल. पडदा ओढणारी, प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू, सांभाळणारी, लाइटच्या बोर्डवर बसणारी, माइकच्या बॅटऱ्या प्रत्येक प्रयोगाआधी न विसरता बदलणारी ही मुलं. यांची नावं पत्रिकेत शेवटच्या पानावर, बारीक टायपात. प्रयोगाआधीची भाषणं मात्र लांबलचक! मेकअप केलेली मुलं घामाघूम होऊन विंगेत ताटकळत उभी आणि स्टेजवर प्रास्ताविक संपता संपत नाही. असो, तो राग वेगळा.

विंगेतलं पहिलं काम म्हणजे ऐकणं. गद्य नाटकात क्यू, म्हणजे आपलं काम करायची खूण, वाक्यावर मिळतो, संगीत नाटकात तो बहुतेक वेळा गाण्यावर मिळतो. दुसऱ्या अंतऱ्याची शेवटची ओळ आली की झाड आत, ध्रुपदाच्या समेवर लाइट. तिथे मनगटावरचं घड्याळ कामाचं नाही. गाणं हेच घड्याळ. म्हणून ही मुलं पहिल्या तालमीपासून हवीत. पुष्कळदा त्यांना थेट रंगीत तालमीला बोलावतात आणि मग झाड उशिरा आलं म्हणून ओरडतात. पुन्हा सांगतो, गाणं हेच घड्याळ.

दुसरी गोष्ट अंधाराची. डोळे अंधाराला पुरते सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात आणि ब्लॅकआउटमध्ये सीन बदलायला मिळतात जेमतेम काही सेकंद. म्हणून विंगेत मिणमिणता निळा दिवा आणि स्टेजवर अंधारात चमकणाऱ्या टेपच्या खुणा. मुरलेली मुलं ब्लॅकआउटच्या जरा आधी एक डोळा मिटून घेतात आणि अंधार झाला की तो उघडतात. घरी करून बघा. प्रॉपर्टीच्या टेबलावर प्रत्येक वस्तूची खडूने आखलेली चौकट असते. चौकट रिकामी दिसली की समजायचं, वस्तू कुणाच्या तरी हातात राहिलीय.

आता ज्यासाठी मी मघापासून घाई करतोय तो किस्सा.

एका शाळेच्या नाटकात होडी होती. छोट्या चाकांच्या फळीवर बसवलेली, पुठ्ठ्याची, रंगवलेली. आत राजकन्या आणि नावाडी. होडीला दोरी बांधलेली आणि पलीकडच्या विंगेतून दोन मुलं ती ओढायची. गाणं सुरू झालं की होडी निघायची आणि शेवटच्या ध्रुपदाला पैलतीरी, म्हणजे विंगेत, पोचायची. तालमीत एकदासुद्धा चुकली नाही. मी पडद्याच्या दोरीपाशी उभा होतो, त्यामुळे पुढचं सगळं मला समोरच दिसलं.

प्रयोगाच्या दिवशी स्टेजवर नवीन कार्पेट अंथरलेलं. होडी मध्यावर आली आणि पुढचं चाक कार्पेटच्या दुमडीत रुतलं. पोरांनी दोरी ओढली तशी होडी कलली. राजकन्येने मुकुट धरला, गाणं सोडलं नाही. अजून जोरात ओढावं तर दोघं पाण्यात, म्हणजे फळीवरून खाली! पहिला अंतरा संपला, दुसरा संपत आला, होडी तिथेच.

प्रॉपर्टीच्या टेबलावर नववीतली एक मुलगी होती. एरवी तोंडातून शब्द काढायची नाही. तिने आधी की-बोर्डवाल्या सरांकडे बघून हवेत बोट गोल फिरवलं. सरांना कळलं, त्यांनी पुन्हा पहिला अंतरा धरला. नावाड्यानेही तो मुकाट्याने उचलला. (वाजवणारी माणसं समोर होती म्हणून हे जमलं बरं का! रेकॉर्डेड ट्रॅक असता तर तो आपला पुढे निघून गेला असता. शाळेच्या नाटकाला ट्रॅक लावू नये, या माझ्या मतावरून माझी बऱ्याच जणांशी भांडणं झालीयेत.)

मग तिने खुंटीवरचा मासोळीचा पोशाख ओढला. तो दुसऱ्या अंकातल्या नाचाचा होता. डोक्यात मुखवटा, पाठीवर चंदेरी खवले, खाली तिचे बॅकस्टेजचे काळे बूट तसेच. ती पोटावर सरपटत निघाली, शेपूट हलवत, अगदी तालात. होडीपाशी पोचली, एका हाताने कार्पेटची दुमड सपाट केली आणि खांद्याने होडीला मागून रेटा दिला. चाक सुटलं. राजकन्येने वाकून मासोळीच्या डोक्यावरून हात फिरवला. हे कुणी बसवलेलं नव्हतं! शेवटच्या ध्रुपदाला, बरोबर ध्रुपदाला, होडी विंगेत. टाळ्या थांबेनात. प्रेक्षकांना वाटलं, काय कल्पना आहे दिग्दर्शकाची!

हे जमलं, कारण तिला सगळं गाणं पाठ होतं. आपल्याकडे किती ओळी उरल्यात, हे त्या क्षणी स्टेजवरच्यांपेक्षा तिला जास्त माहीत होतं.

दुसऱ्या प्रयोगाआधी दिग्दर्शक बाई तिला म्हणाल्या, "मासोळी आता कायमची ठेवू या."

ती म्हणाली, "बाई, मग माझं टेबल कोण बघणार?"

आणि टेपचं रीळ घेऊन कार्पेटच्या कडा चिकटवायला बसली. त्या दिवशी होडी सुरळीत गेली. पहिला प्रयोग बघून पुन्हा आलेले पालक मात्र मध्यंतरात मला पकडून विचारत होते, "अहो, मासोळी का काढली?"